शोकाचा आरसा

ग्रीस देशात पात्रास नावाचे एक बंदर आहे. संत अंद्रिया यांना या नगरात क्रुसावर मृत्यू आला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. तेथील त्यांच्या चर्चच्या शेजारी एक झरा आहे. तो मात्र चर्चहून कितीतरी जुना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तेथे आला, तेव्हा हा झरा धान्यदेवता डिमीटर हिच्या मंदिरापुढे होता. घरातील माणूस आजारी पडले की लोक या झऱ्यावर येत. बारीक दोरीला आरसा बांधून तो अलगद खाली सोडीत. आरसा बुडू द्यावयाचा नाही. त्याची कड तेवढी पाण्याला टेकली पाहिजे. मग देवीची प्रार्थना करावयाची, धूप जाळावयाचा आणि आरशात पाहावयाचे. रोगी जिवंत दिसतो की मृत, हे तेथे कळते, असा लोकांचा विश्वास होता.

पॉसेनियसने हे सारे चार ओळींत सांगून टाकले आहे. परंतु त्या चार ओळींमागे उभी असलेली माणसे पाहा. कोणाची आई खाटेवर आहे, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे. दोरी धरलेला तो हात कापत नसेल काय? मनुष्याने आरशाला विचारलेले प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांत हा प्रश्न मला सर्वांत करुण वाटतो.

त्या काळचा आरसा काचेचा नव्हता. घासून चकचकीत केलेल्या काशाचा तो असे आणि त्यात प्रतिमा अंधूकच दिसे. संत पौल यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, या जन्मी आपणांस सत्य अस्पष्टच दिसते हे सांगताना आरशाचा दाखला दिला. काशाच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या नगरातील वाचकांस तो चटकन समजला असेल.

आरशाला प्रश्न विचारण्याची चाल एकट्या ग्रीसची नव्हे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भिक्षूंनी वर्ज्य करावयाच्या विद्यांची लांबलचक यादी आहे. तीत आरशाकडून उत्तर मिळविण्याची विद्याही आहे. आपल्याकडे चोर किंवा हरवलेली चीजवस्तू शोधण्यासाठी अंगठ्याच्या नखावर काजळ लावून त्यात लहान मुलास पाहावयास लावीत. यालाच अंजन घालणे म्हणत. या प्रथांत आरसा काहीतरी माहिती देतो, अशी समजूत आहे. मृताच्या भेटीसाठी त्याच्यापुढे बसणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो वेगळेपणा कळण्यासाठी एक जुनी कथा उपयोगी पडते. तीत आरसा नाही, पण तिचे मर्म तेच आहे.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी करिंथ येथे पेरियांडर नावाचा सत्ताधीश होता. हेरोडोटस सांगतो की, एका स्नेह्याने ठेवावयास दिलेली ठेव कोठे आहे, हे पेरियांडरला आठवेना. ते त्याच्या मृत पत्नीला, मेलिसाला, ठाऊक होते. म्हणून त्याने एपिरस प्रांतात आखेरॉन नदीकाठी मृतांचा कौल घेण्याचे जे स्थान होते, तेथे दूत पाठविले. मेलिसा प्रकट झाली, पण ठेवीची जागा सांगेना. मला थंडी वाजते आहे, माझ्याबरोबर पुरलेली वस्त्रे जाळली नाहीत म्हणून ती माझ्या उपयोगी पडत नाहीत, एवढेच ती म्हणाली. हे ऐकून पेरियांडरने करिंथच्या स्त्रियांना एका देवळात जमवून त्यांची उंची वस्त्रे उतरवून घेतली आणि ती मेलिसाच्या नावाने जाळली. त्यानंतरच तिने जागा सांगितली.

ही कथा वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. मेलिसाचा मृत्यू पेरियांडरच्याच हातून झाला होता. तेही हेरोडोटसनेच नमूद केले आहे. पेरियांडर विचारावयास गेला ठेवीचा पत्ता आणि पुढे आला स्वतःचा अपराध!

या नदीजवळ १९५८ पासून सोतिरिओस दाकारिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. जाड भिंती, वळणावळणाच्या वाटा आणि खाली एक भुयारी दालन असलेली वास्तू त्यांना सापडली. हेच ते मृतांच्या कौलाचे स्थान, असे त्यांनी जाहीर केले. पुढे मात्र या मताला तडे गेले. तेथे मिळालेली काशाची दातेरी चाके युद्धयंत्रांची आहेत, असे एका जर्मन संशोधकाने दाखवून दिले. ती वास्तू तटबंदीची शेतवाडी असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात. इतिहासात अशी माघार वारंवार घ्यावी लागते आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

तथापि या ग्रीक कथांनी विसाव्या शतकातील एका अमेरिकन डॉक्टरास भारून टाकले. त्यांचे नाव रेमंड मूडी. मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसांच्या अनुभवांवरील त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये गाजले होते. त्यांनी अलाबामा राज्यात एक खोली सिद्ध केली आणि १९९२ मध्ये तिच्याविषयी लेख प्रसिद्ध केला. भिंतीवर मोठा आरसा, त्यासमोर मागे कललेली खुर्ची, भोवती काळा पडदा आणि पाठीमागे मंद दिवा. बसणाऱ्यास स्वतःचा चेहरा दिसू नये, केवळ काळोखाची खोली दिसावी, अशी ती योजना होती. परंतु मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची तयारी. येणाऱ्याने मृताच्या आठवणीच्या वस्तू बरोबर आणावयाच्या, त्याच्याविषयी घटकान्‌घटका बोलावयाचे आणि मगच आरशापुढे बसावयाचे. उठल्यावर पुन्हा बोलणे असेच.

मूडी स्वतःही बसले. आईच्या आईची, म्हणजे आवडत्या आजीची, भेट व्हावी ही त्यांची इच्छा होती. ती दिसली नाही. पुढे, ते एकटे बसले असता, जिच्याशी त्यांचे कधी जमले नव्हते ती वडिलांची आई आपल्यापुढे आली, असे त्यांनी लिहिले आहे. आणि त्या अनुभवानंतर मनातील जुनी अढी सुटली, असेही. पेरियांडर आठवतो ना? बोलावले एकाला आणि आले राहून गेलेले देणे!

मग आरशात खरोखर काय दिसते? एकाच ठिकाणी टक लावून पाहिले की कडेच्या आकृती विरून जातात, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच सांगितले होते. इटलीतील जोव्हान्नी कापूतो यांनी २०१० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ५० जणांना अंधूक उजेडात स्वतःच्या प्रतिबिंबाकडे १० मिनिटे पाहावयास सांगितले. ६६ टक्क्यांना आपला चेहरा विद्रूप झालेला दिसला, १८ टक्क्यांना आई किंवा वडील यांचा चेहरा दिसला, तर ४८ टक्क्यांना अद्भुत वा भयंकर आकृती दिसल्या. तात्पर्य, डोळा थकला की रिकामी जागा मन भरून काढते. आणि मन काय भरील, हे आपल्या हाती नसते. म्हणूनच ताज्या दुःखात असलेल्याने हा खेळ एकट्याने करू नये, असे मला वाटते.

पण म्हणून शोकग्रस्ताची थट्टा करण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही. वेल्समधील डॉ. देवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा व विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना आपला गेलेला जोडीदार जवळ आहे असे वाटले होते, किंवा तो दिसला वा ऐकू आला होता. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिकांना त्याचा आधार वाटला होता. आणि चारांपैकी जवळजवळ तिघांनी हे तोवर कोणालाही सांगितले नव्हते! त्यासाठी त्यांना आरसा लागला नव्हता. त्यांना हवा होता तो ऐकणारा माणूस.

मृतांना प्रश्न विचारू नयेत, असे बायबलचा जुना करार बजावतो. लहानपणी मला तो आदेश कठोर वाटे. आज त्यातील करुणा दिसते. मृत उत्तर देत नाहीत. उत्तर येते ते आपल्याच अंतःकरणातून, आणि बहुधा ते न बोललेल्या शब्दाचे असते. मूडींच्या खोलीत कोणास दिलासा लाभला असेल, तर त्याचे श्रेय मी काचेपेक्षा त्या घटकान्‌घटकांच्या बोलण्याला देईन.

तेव्हा श्रोतेहो, शेजारी कोणाचे माणूस गेले असेल तर दहाव्या-तेराव्यानंतर किंवा महिन्याच्या मिस्सानंतरही एकदा त्याच्या घरी जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या आणि मग गप्प बसून ऐका. आणि घरातल्या ज्या माणसाशी आपला शब्द राहिला आहे, ते माणूस अजून जिवंत असेल, तर तो शब्द आज रात्रीच बोलून टाका.