कौटुंबिक न्यासाच्या दारी

बंगळुरूचे इंदिरानगर बहुतेकांना माहीत असते ते शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानांमुळे, सीएमएच रोडवरच्या वर्दळीमुळे, आणि २०११ साली शहरातली पहिली मेट्रो ज्या मार्गावर धावली त्या मार्गावरच्या स्थानकामुळे. याच वस्तीतून ‘अर्घ्यम’ या न्यासाचा कारभार चालत आला आहे, ही गोष्ट पाण्याच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. रोहिणी निलेकणी यांनी २००१ मध्ये हा न्यास स्थापन केला. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशातून १०० कोटी रुपये त्यात घातले, आणि न्यासाने पाणी व स्वच्छता हा विषय धरला. एका व्यक्तीचा पैसा, एक विषय आणि देशभरातल्या संस्थांशी जोडलेले नाते, असे त्याचे रूप आहे.

हे पुस्तक अशा, घरच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कौटुंबिक न्यासांकडे निधीसाठी अर्ज कसा करावा याविषयी आहे. ते वाचणारी मंडळी कोण असतील याचा मी अंदाज बांधला आहे. तालुक्याच्या गावी ग्रंथालय किंवा विशेष मुलांची शाळा चालवणारी, पाणलोटाचे काम करणारी, सीमाभागात दोन भाषांत पत्रव्यवहार करणारी माणसे. यांना सरकारी योजनेचा अर्ज पाठ असतो, कंपनीच्या सीएसआर विभागाचीही तोंडओळख असते. कौटुंबिक न्यासाचे नाव निघाले की मात्र “ते ओळखीचे काम असते” असे म्हणून विषय संपतो. तो इथेच संपू नये असे मला मनापासून वाटते.

ओळखीचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाचकांनी आपल्याकडचाच इतिहास पाहावा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावे १५ लाखांची देणगी जाहीर केली ती १९२० मध्ये, आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. म्हणजे मोठा दाता येण्याआधी जवळजवळ पाव शतकाचे काम उभे होते, आणि त्या कामाचा चोख हिशेब ठेवणारा गणिताचा प्राध्यापक त्याच्या मुळाशी होता. ठाकरसींनी जे पाहिले ते कोणालाही पाहता येण्यासारखे होते.

आता कौटुंबिक न्यासाच्या पैशाचे वेगळेपण काय, ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्या पैशाला विषयांची यादी असते आणि वर्षाचे घड्याळ असते. सरकारी अनुदानाला ३१ मार्च असतो. कौटुंबिक न्यासाचा निधी यांपेक्षा मोकळा असतो. मनात आणले तर तो दहा वर्षांच्या कामाशी बांधून घेऊ शकतो, फसण्याची शक्यता असलेल्या प्रयोगाला हात देऊ शकतो. भारतीय कायद्यात ‘कौटुंबिक न्यास’ असा वेगळा धर्मादाय वर्ग नाही. असे बहुतेक न्यास इतर धर्मादाय संस्थांसारखेच नोंदवलेले असतात, आणि करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातला साधारण ८५ टक्के भाग त्यांना आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. चांगले काम शोधणे ही त्यांचीही गरज असते. तुम्ही अर्ज लिहायला बसाल तेव्हा एवढी गोष्ट ध्यानात असू द्या, म्हणजे लेखणीला आपोआप ताठपणा येईल.

या मोकळ्या निधीतून काय घडू शकते, याचे मला सर्वात मोलाचे वाटणारे उदाहरण भूजलाचे आहे. जमिनीखालचे पाणी दिसत नाही आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे त्याच्या अभ्यासाला पैसा मिळणे अवघड. पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेने दख्खनच्या बेसाल्टमधले जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे खडकाचे थर, शास्त्रीय पद्धतीने मोजायचे आणि ते ज्ञान गावकऱ्यांच्या हाती द्यायचे, हा मार्ग धरला. लोकसहभागातून भूजल व्यवस्थापन करण्याच्या अशा कामाला अर्घ्यमने पाठबळ दिले. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले रणदुल्लाबाद हे अ‍ॅक्वाडॅमच्या कामाशी जोडलेले गाव. तिथल्या लोकांनी आपल्या जलधराची समज करून घेतली, शेतीसाठी बोअर न घेण्याचे ठरवले आणि विहिरी सामाईक वापरण्यावर भर दिला. खडकाचा नकाशा काढण्यापासून गावाच्या एकमतापर्यंतची ही वाट एका आर्थिक वर्षात चालून होत नाही.

अर्ज करण्याआधी न्यास वाचावा लागतो. त्याची उद्दिष्टे तर वाचावीतच, पण त्यामागचे घरही वाचावे. रोहिणी निलेकणी यांचे आजोबा बाबासाहेब सोमण हे बेळगावचे वकील. १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते चंपारणला गेले. तिथल्या भितिहरवा गावातील शाळेची बांबू-गवताची झोपडी जळाली तेव्हा सोमणांनी तिथे पक्क्या विटांची इमारत उभी करायचे मनावर घेतले आणि त्यांचे कष्ट पाहून इतरही हातभार लावू लागले, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. नातीने ही आठवण जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे, आणि समाज, सरकार व बाजार यांच्या नात्यात समाजाला पहिले स्थान देणारे पुस्तकही लिहिले आहे. हे ठाऊक असलेला अर्जदार लोकसहभाग हा शब्द भरतीला वापरणार नाही. लोकांनी स्वतः काय केले, ते तो सांगेल.

न्यासाचा आजचा कल काय, हेही पाहावे. अर्घ्यमने पूर्वी २००८-०९ च्या सुमारास कर्नाटकातल्या २८ जिल्ह्यांत, १७२ ग्रामपंचायतींत, १७,२०० घरांची पाणी-स्वच्छतेची पाहणी केली. २००७ मध्ये ‘इंडिया वॉटर पोर्टल’ हे माहितीचे भांडार सुरू करण्यात पुढाकार घेतला. पुढे थेट प्रकल्पांना निधी देण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची क्षमता आणि माहितीची साधने यांकडे त्याचा भर वळला. दहा वर्षांपूर्वी शेजारच्या संस्थेला मिळालेल्या निधीच्या आधारावर आज अर्ज केला, तर उत्तर काय येईल ते उघड आहे. कित्येक न्यास खुले अर्ज मागवतच नाहीत. अशा वेळी आधी निधी मिळालेल्या संस्थांशी बोलावे, आपल्या कामावर कुठेतरी नीट लेख लिहावा, आणि मग दोन पानांचे संकल्पना टिपण पाठवून भेटीची वेळ मागावी. बोलावणे नसताना पाठवलेला चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल सहसा कोणी वाचत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आयकर खात्याकडची, आजही १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी प्रमाणपत्रे व त्यांची मुदत, पॅन, दर्पण क्रमांक, ३ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेची घटना. महाराष्ट्रातल्या संस्थांनी एक गोष्ट मात्र सगळ्यांआधी तपासावी. धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनच्या उताऱ्यावरची विश्वस्तांची नावे आणि अर्जावर सही करणाऱ्यांची नावे जुळतात का? चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून असतो, दिवंगत विश्वस्ताचे नाव उताऱ्यावर तसेच राहते, आणि उत्तम अर्ज तिथे अडतो. बेळगाव-निपाणीकडच्या संस्था कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याखाली असतात. त्यांनी दरवर्षी रजिस्ट्रारकडे द्यायची कार्यकारिणीची यादी वेळेवर गेली आहे ना, हे पाहावे.

आता खुद्द लिखाण. माझा आग्रह असा, की अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी त्याचा विचार मराठीत करावा, आणि पहिला खर्डा कामावरच्या माणसांबरोबर बसून मराठीतच लिहावा. “परिसरात तीव्र पाणीटंचाई आहे” हे वाक्य देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या अर्जात शोभेल. तुमच्या कार्यकर्तीला मात्र माहीत असते की कोणत्या विहिरीत दिवाळीला तीन परस पाणी होते, कोणत्या महिन्यात ती तळाला गेली, आणि त्यानंतर कोणत्या वस्तीतल्या मुली शाळेत उशिरा यायला लागल्या. निधी देणाऱ्याकडे अभ्यासक असतात, आकडेवारी असते. हे ज्ञान त्याच्याकडे नसते आणि विकतही मिळत नाही. तेच तुमचे भांडवल आहे. ते पहिल्याच पानावर, साध्या वाक्यांत येऊ द्या. सबलीकरण, शाश्वतता हे शब्द नंतर लागले तर वापरा.

अंदाजपत्रकात बहुतेक संस्था स्वतःवर अन्याय करतात. हिशेबनीसाचा पगार, कार्यालयाचे भाडे, वीज, प्रवास, कार्यकर्त्यांचा विमा हा आस्थापना खर्च लपवला की अर्ज देखणा दिसतो आणि संस्था आतून पोखरत जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० पासून प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याआधी ती ५० टक्के होती. पण देशी कौटुंबिक न्यासाच्या देशातल्या पैशाला ती मर्यादा लागू नाही, आणि संस्थेच्या गाभ्यालाच निधी देणारे न्यास आज आहेत. खरा खर्च लिहा. त्यावर प्रश्न आला तर उत्तर द्या. हिशेब समजावून सांगणाऱ्या संस्थेवर विश्वास बसतो, असे मी पाहत आलो आहे.

नकार आला तर कारण विचारायला संकोचू नये. पुष्कळ ठिकाणी ते सांगतात, आणि त्यातून कळते की काम नापसंत होते, की विषय त्यांच्या कक्षेबाहेरचा होता, की त्या वर्षाचा निधी आधीच वाटून झाला होता. या तीन नकारांना द्यायची उत्तरे तीन वेगळी असतात.

मंजुरी आली तर पुढचे लेखन म्हणजे अहवाल, आणि नवशिक्याने खरे तर तिथूनच आरंभ करावा. दात्याला हिशेब कसा द्यावा याचा एक जुना नमुना पाहा. १९०९ मध्ये मुंबईच्या रतन टाटांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी २५,००० रुपये पाठवले आणि पुढेही मदत केली. १ एप्रिल १९१२ रोजी गांधीजींनी त्यांना एक जाहीर पत्र लिहून सत्याग्रहींच्या टॉल्स्टॉय फार्म या वसाहतीवरचे जीवन आणि पैशाचा विनियोग यांची माहिती दिली. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात ते छापलेले आहे. पुढच्या प्रकरणांतल्या नमुन्यांकडे वळण्यापूर्वी वाचकांनी ते मिळवून वाचावे, आणि आपल्या संस्थेचा मागच्या वर्षाचा अहवाल शेजारी ठेवून वाचावे.