चित्रकलेचा कागद : पोत कसा ओळखावा?

"जलरंग आपल्याला काही जमत नाहीत बुवा!" असे म्हणून रंगपेटी बंद करणारी मुले आणि मोठी माणसे आपल्यात बरीच आहेत. पुष्कळदा चूक हाताची नसते, कागदाची असते.

शाळेत आपण कार्ट्रिज कागदावर शिकलो. पेन्सिलीला तो छान. पण पातळ कार्ट्रिजवर भरपूर पाणी पडले की तो फुगतो, रंगाची डबकी साचतात आणि पुन्हा ब्रश फिरवला की तंतू सुटतात. म्हणून जलरंगाचा कागद वेगळा घ्यावा. इथे ब्रिटनमधल्या दुकानांत त्याचे तीन पोत मिळतात.

१) हॉट प्रेस (एचपी) : गुळगुळीत. बारीक रेषा, फुलापानांचे तपशील आणि शाईच्या रेखाटनासाठी उत्तम. मात्र यावर मोठे आकाश एकसारखे रंगवणे नवशिक्याला अवघड जाते.

२) कोल्ड प्रेस : मध्यम खरखरीत. ब्रिटनमध्ये यालाच 'नॉट' म्हणतात, म्हणजे 'हॉट प्रेस नव्हे' तो. ओला कागद लोकरी फेल्टमध्ये दाबला जातो आणि फेल्टची खरखर त्यावर उमटते. सुरुवात यानेच करावी.

३) रफ : ठळक उंचवटे आणि खळगे. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झरकन फिरवला की रंग फक्त उंचवट्यांवर लागतो आणि पाण्यावरची चमक आपोआप दिसते. अल्ट्रामरीन निळ्याचे कण खळग्यांत बसून दाणेदार छटा येते.

प्रत्येक गिरणीचा पोत थोडा वेगळा असतो. एकाचा 'नॉट' दुसऱ्याच्या 'रफ'सारखा वाटू शकतो. म्हणून कागद उजेडात तिरका धरून पाहावा.

रेखाटनासाठी : कोळसा आणि पेस्टलला खरखरीत कागद लागतो, नाहीतर भुकटी टिकत नाही. टाक आणि शाईला गुळगुळीत ब्रिस्टल बरा.

वजन : पोत आणि जाडी या वेगळ्या गोष्टी आहेत. चौरस मीटरला १९० ग्रॅमचा (९० पौंडी) कागद ओला झाला की वाकतो, म्हणून आधी भिजवून फळीवर ताणून घ्यावा. ३०० ग्रॅमचा (१४० पौंडी) बेताच्या पाण्याला पुरतो. ६४० ग्रॅमचा (३०० पौंडी) ताणावा लागत नाही, पण महाग असतो.

भारतातून हातकागद आणला असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो लगेच शोषला गेला तर कागदाला खळ कमी आहे, आणि त्यावर जलरंग फिके व डागाळलेले दिसतील.

खर्चाची काळजी असेल तर पॅडऐवजी २२ x ३० इंची सुटा कागद घ्यावा. त्याचे साडेसात x ११ इंचांचे आठ तुकडे होतात. तिघांनी मिळून तीन पोतांचे तीन कागद घेतले आणि वाटून घेतले, तर प्रत्येकाला तिन्ही वापरून पाहता येतात.

तेव्हा मुलाला "तुला जमत नाही" म्हणण्याआधी एकदा कागद बदलून बघा.