व्याकरणावर उभा राहिलेला धंदा

आमच्या देवपुरात इंग्रजीच्या शिकवणीचा धंदा व्याकरणावर उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तो नीट चालला. मग परीक्षा घेणाऱ्यांनी व्याकरणाचा वेगळा भागच काढून टाकला आणि पोरांना सांगितलं, बोला. परदेशी विद्यापीठात जायचं तर आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा बहुधा द्यावी लागते, हे आज वाडीभोकर रोडवरच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. ती इथवर कशी आली हे मी सांगू शकते, कारण आमच्या ओट्यावर आधी सासऱ्यांनी मॅट्रिकची पोरं घडवली आणि नंतर मी टोफेलची.

पांझरेच्या दक्षिणेला धुळे, उत्तरेला देवपूर. धुळ्याची आखणी इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जनं केली. सरळ गल्ल्या पाडल्या, आणि अजूनही आम्ही त्यांना नंबरानंच ओळखतो. कचेरी, कोर्ट, बाजार तिकडे. इकडे एकवीरा देवीचं देऊळ, मळे आणि मोकळी जागा. स्वातंत्र्यानंतर कॉलेजं निघाली ती याच मोकळ्या जागेत. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची पोरं खोल्या करून राहू लागली, आणि जिथे खोल्या तिथे खाणावळ आणि शिकवणी आलीच.

विद्यापीठात शिरण्यासाठी इंग्रजीची परीक्षा, ही मुळात फार जुनी गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि 1859 साली त्यानं पहिली प्रवेशपरीक्षा घेतली, तीच मॅट्रिक. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढे इतिहास असो की गणित, उत्तर इंग्रजीतच लिहायचं ठरलं. म्हणजे नाव काहीही असलं तरी प्रत्येक पेपर आधी इंग्रजीचा होता. खानदेशातल्या पोराला तर तिथवर पोचणंच कठीण. कसारा घाटातून आगगाडी जायला 1865 उजाडलं आणि चाळीसगावहून धुळ्यापर्यंतचा फाटा 1900 साली झाला.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, 1937 साली मॅट्रिक झाले. नोकरी प्राथमिक शाळेत, आणि संध्याकाळी ओट्यावर इंग्रजी. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली, पानांना हळदीचे डाग. त्यांची पद्धत ठरलेली होती. एकानं मराठी वाक्य म्हणायचं, दुसऱ्यानं त्याचं इंग्रजी करायचं, तिसऱ्यानं चूक काढायची. ‘पाऊस पडला असता तर कापूस आला असता’ हे वाक्य दर पावसाळ्यात निघे. कोणी ‘इफ इट वुड रेन’ म्हणालं की तिसरा ओरडे, ‘हॅड रेन्ड!’ ओट्यावर सगळ्यात जास्त मान या चूक काढणाऱ्याला होता. अण्णा गूळ-शेंगदाणे द्यायचे तेही त्यालाच.

इंग्रजीत कोणाशी बोलायची वेळ मात्र अण्णांवर कधी आली नाही. पेपर बोलायला सांगत नव्हता, साहेब कधी समोर आला नव्हता. लिहिलेलं इंग्रजी शुद्ध असलं की कारकुनी, मास्तरकी, वकिली, सगळे दरवाजे उघडत होते. त्यामुळे ओट्यावर जे शिकवलं जाई ते परीक्षेला अगदी चोख बसे.

नदीपलीकडे, धुळ्यात, इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचे दिवस काढले. डेक्कन कॉलेजचे बी.ए., प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं मराठी भाषांतर करणारे, आणि तरी हट्टानं मराठीतच लिहिणारे. 31 डिसेंबर 1926 रोजी ते गेले आणि पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. अण्णा रविवारी तिथे वाचायला जायचे. एकदा मी त्यांना विचारलं, राजवाड्यांना एवढं मानता आणि पोरांना इंग्रजी शिकवता, हे कसं? ते म्हणाले, “त्यांना येत होतं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. आपल्या पोरांना आधी येऊ दे. मग काय ठेवायचं ते त्यांचं ते ठरवतील.”

मी या घरात आले तेव्हा अकरावीची मॅट्रिक संपून दहावी-बारावीचा आकृतिबंध रुळला होता. इंग्रजी पाचवीपासून. मी बी.ए., बी.एड. करून हायस्कूलला लागले आणि संध्याकाळचा ओटा हळूहळू माझ्याकडे आला. मुलं घरी अहिराणी बोलायची, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त वहीत. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्या लाटेत देवपुरातही अभियांत्रिकीचं कॉलेज उभं राहिलं. तिथली पहिली पोरं बाहेर पडू लागली आणि 1988च्या सुमारास कापडण्याचा एक मुलगा टोफेलचं माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे आला. “मॅडम, अमेरिकेला एम.एस.ला जायचंय. याच्यात काय विचारतात ते बघा ना.”

टोफेल 1964 साली सुरू झालेली. अमेरिकी विद्यापीठांना बाहेरून येणाऱ्या मुलाचं इंग्रजी जोखायला एकच माप हवं होतं. 1976 पासून तिचे तीन भाग ठरले होते: ऐकणं, व्याकरण आणि वाचन. व्याकरणाच्या भागात 25 मिनिटांत 40 प्रश्न. पंधरा गाळलेल्या जागांचे, आणि पंचवीस वाक्यांत चार-चार शब्दांखाली रेघा, त्यांतला चुकलेला कुठला ते सांगायचं. मी ते पान अण्णांपुढे ठेवलं. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते. चष्मा वर करून त्यांनी पहिली दहा वाक्यं पाहिली, पेन्सिलीनं दहा गोल केले आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलंच आहे!” खरंच होतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये बसून ज्यांनी तो पेपर काढला त्यांना देवपूरचा ओटा माहीत नव्हता, पण चूक काढणाऱ्या तिसऱ्या पोराला त्यांनी पेपरात पंचवीस प्रश्न दिले होते.

तेव्हा अडत होतं ते ऐकण्याच्या भागात. अमेरिकी उच्चारांची कॅसेट पुण्याहून मागवली. टेपरेकॉर्डर शेजारच्या भजनी मंडळाचा. पहिल्या दिवशी त्या मुलाला एक वाक्य कळलं नाही. मग मी कॅसेटवरचा संवाद थांबवून थांबवून वहीत उतरवला, त्याला आधी वाचायला दिला आणि मग ऐकवला. फीचे डॉलर मिळवायला बँकेत फॉर्मावर फॉर्म भरावे लागत. परीक्षा मुंबईला, रात्रीच्या एसटीनं जायचं आणि सकाळी दादरला कोणाच्या तरी ओळखीच्या घरी तोंड धुऊन पेपराला बसायचं. बहुतेक विद्यापीठं 550 मागत, जास्तीत जास्त गुण 677. कापडण्याच्या पोराची गाडी व्याकरणाच्या जोरावर पार झाली. त्याच्यामागून एकेक येऊ लागले.

1998 पासून टोफेल संगणकावर येऊ लागली, तरी व्याकरण होतंच. 2005 साली अमेरिकेत आणि पाठोपाठ इतर देशांत इंटरनेटवरची टोफेल आली, तिनं मात्र आमच्या पायाखालची जमीन काढली. व्याकरणाचा स्वतंत्र भाग गेला आणि त्याच्या जागी बोलण्याचा आला. तेव्हा एकूण गुण 120. वाचन, ऐकणं, बोलणं, लिहिणं, प्रत्येकाला 30. कारणही रास्त होतं. कागदावर उत्तम गुण मिळवलेली मुलं वर्गात गेल्यावर प्राध्यापकाला प्रश्न विचारू शकत नव्हती, आणि ज्यांना शिकवणीसाठी सहायक म्हणून नेमायचं त्यांना वर्गापुढे उभं राहता यायला हवं होतं. अण्णा 2001 साली गेले. हा बदल त्यांनी पाहिला नाही.

विलायतेच्या परीक्षेची वाट वेगळी होती. केंब्रिजनं 1913 साली परदेशी लोकांसाठी इंग्रजीची परीक्षा काढली, तेव्हा तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्या परीक्षेत भाषांतर आणि व्याकरण होतं, पण तोंडी परीक्षाही होती. पुढे 1980 साली ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिजची नवी परीक्षा आली, आणि 1989 साली ऑस्ट्रेलियाही त्यात सामील होऊन आयईएलटीएस झाली. तिच्यात समोर माणूस बसवून बोलायला लावणं सुरुवातीपासून आहे; आता ते 11 ते 14 मिनिटं चालतं. त्या मिनिटांत चार गोष्टींना सारखेच गुण: न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. आमचं सगळं भांडवल तिथे चार आण्यांचं ठरलं.

देवपूरच्या क्लासांनी मग काय केलं? काहींनी पाठ केलेली उत्तरं विकायला सुरुवात केली. ‘माझं आवडतं शहर’, ‘माझा आदर्श’, सगळं पानभर घोकून. परीक्षकाला हे दुसऱ्या वाक्याला कळतं आणि तो विषय बदलतो. मी हा मार्ग धरला नाही. माझ्या पोरांची अडचण इंग्रजी येत नाही ही नव्हतीच. तोंड उघडण्याआधी त्यांच्या डोक्यातला तिसरा पोरगा चूक काढायचा आणि वाक्य घशातच राहायचं.

सोनगीरचा एक मुलगा आठवतो. मेकॅनिकलचा, जर्मनीला जायचं होतं. आयईएलटीएसमध्ये एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायचा आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. मी कार्ड दिलं: तुमच्या गावातल्या एखाद्या कामाबद्दल सांगा. तो ‘माय व्हिलेज इज…’ इथेच थांबला. मी म्हटलं, आधी अहिराणीत सांग. त्यावर तो सुटलाच. त्यांच्याकडे तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी कशी ठोकतात, आजोबा नुसत्या आवाजावरून पत्रा किती जाड आहे ते कसं ओळखत, स्टीलची भांडी आल्यावर कोणी कोणी ऐरण विकली. दोन मिनिटं उलटून गेली. मग म्हटलं, आता हेच इंग्रजीत, आणि चुका कर. चुका केल्या. ‘ही हिअर द साउंड अँड ही नो’ असं म्हणाला, क्रियापदाला ‘एस’ कुठेच नाही. पण ज्याला सांगण्यासारखं काही आहे तो बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर माझ्याकडे बोलण्याचा पहिला आठवडा अहिराणीचाच असतो.

याची दुसरी बाजूही सांगते. 2000 सालापासून शासनानं इंग्रजी पहिलीपासून आणली. पाठोपाठ नकाणे रोडपासून गोंदूर रोडपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. तिथली मुलं छान बोलतात, आयईएलटीएसच्या बोलण्यात त्यांना 7 बँड, म्हणजे 7 गुण, सहज पडतात. पण लिहिण्याच्या तासाभरात, जिथे एक उत्तर 150 शब्दांचं आणि एक 250 शब्दांचं, ती साडेपाचावर अडकतात. वाक्य सुरू कुठे झालं आणि संपलं कुठे, याचा पत्ता नसतो. अण्णांचा ओटा त्यांना मिळाला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराचं तोंड दोन महिन्यांत उघडतं. या मुलांचं वाक्य जागेवर यायला चार लागतात. म्हणून हल्ली मी दोघांना जोडीनं बसवते. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ते लिहून काढायचं, मग अदलाबदल.

देश मात्र बदलत राहतात. विलायतेनं शिक्षणानंतर कामासाठी थांबायची दोन वर्षांची सोय 2012 साली काढली आणि 2021 साली परत दिली. कॅनडानं 2018 साली झटपट व्हिसाची योजना आणली, त्यात सुरुवातीला प्रत्येक भागात 6 बँड लागे. त्या वर्षांत आमच्याकडे कॅनडाच कॅनडा होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये ती योजना बंद झाली. कोरोनात घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा बरीच चालली. आता जर्मनीची विचारणा जास्त, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही.

पोरांपेक्षा मला त्यांच्या वडिलांची काळजी जास्त. आयईएलटीएसची फी 2025 साली 17-18 हजारांच्या घरात होती. कापसाचा तेव्हाचा हमीभाव धरला तर ते दोन क्विंटलांहून जास्त होतात, आणि व्यापारी हमीभाव देतोच असं नाही. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणजे त्या मुदतीत प्रवेश हुकला की पुन्हा तेवढेच पैसे. म्हणून माझ्या क्लासचा एकच नियम आहे. घड्याळ लावून घेतलेल्या तीन सराव परीक्षांत ओळीनं साडेसहा आल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. घाई असेल तर दुसरीकडे जा म्हणते. बापाला सोबत घेऊन आलेलं पोरगं थोडं रुसतं, पण बाप मान हलवतो आणि दोघं थांबतात.