प्रोग्राम-आकलन मूल्यमापन

नवशिक्या प्रोग्रामरला समोरचा कोड कितपत समजला, हे तपासण्याची पद्धत. कोड लिहिणे आणि वाचून समजणे ही वेगळी कौशल्ये असल्याने दुसऱ्याची परीक्षा येथे स्वतंत्रपणे घेतात.

पार्श्वभूमी : मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या गटाने २००१ मध्ये चार विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले, ११० पैकी सरासरी सुमारे २३ गुण पडले. रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये सात देशांत केलेल्या पाहणीत अनेकांना छोट्या, तयार कोडचे फलितही सांगता आले नाही. दोष केवळ लेखनाचा नव्हता, वाचनाचाही होता.

प्रश्नप्रकार : (१) ड्राय रन, म्हणजे ओळीगणिक व्हेरिएबलच्या किमती मांडणे, (२) कोडचा हेतू एका वाक्यात सांगणे, (३) विस्कळीत ओळी योग्य क्रमाने लावणे. तिसरा प्रकार डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला.

उदाहरण : भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर असलेल्या भाटघर धरणाची क्षमता सुमारे २३.५ टीएमसी आहे. त्यावर रचलेला प्रश्न :

साठा = २०
जोवर साठा < २३.५ :
  साठा = साठा + २
  साठा छापा

बरोबर उत्तर २२, २४. ‘२२’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी असेलच असे नाही. मर्यादा ओलांडताक्षणी, छापण्याआधीच लूप थांबतो, असे त्याला वाटत असावे. भाटघरचे ४५ स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढताच उघडतात. लूपची अट मात्र प्रत्येक फेरीच्या आरंभीच तपासली जाते. जेफ्री बोनार व इलियट सोलोवे यांनी १९८५ मध्ये ही चूक नोंदवून तिचे मूळ रोजच्या व्यवहारातील समजात दाखवले.

हेतू विचारल्यावर काही विद्यार्थी ओळींचे नुसते वाचन करतात. ‘क्षमता ओलांडेपर्यंत प्रत्येक भरीनंतरचा साठा दाखवतो’, असे सांगणाऱ्याला ओळींमधला संबंध उमगलेला असतो. दोन्ही उत्तरांना सारखे गुण देणे अन्यायाचे ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ : एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाळा’ उपक्रमातर्फे शाळकरी मुलांसाठी ‘बेब्रास’ स्पर्धा मराठीतही घेतली जाते. लिथुएनियात २००४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा कोडऐवजी कोड्यांतून संगणकीय विचार तपासते. भाषेचा अडसर दूर झाला, की मुलाचे खरे आकलन दिसते. कोडवरील प्रश्नांनाही हेच लागू आहे.

मर्यादा : बहुपर्यायी प्रश्नांत अंदाजाने गुण मिळू शकतात. म्हणून उत्तराबरोबर ड्राय रनचा तक्ताही मागावा. आकलन कोणत्या ओळीवर चुकले ते त्यात सापडते आणि शिक्षकाला तेथूनच पुन्हा शिकवता येते.