चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण

अमेरिकेत 1861 साली उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्धाला तोंड फुटले, तेव्हा भरतीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना उत्तरेच्या फौजेने परत पाठवले. युद्ध लांबले, मनुष्यबळ कमी पडू लागले आणि 1 जानेवारी 1863 च्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मुक्ती जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांच्या भरतीला अधिकृत वाट मिळाली. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी 54वी मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटण उभारण्याची परवानगी मिळवली.

राज्यात कृष्णवर्णीयांची वस्ती थोडीच होती. त्यामुळे न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा दूरदूरच्या राज्यांतून शिपाई गोळा करावे लागले. गुलामीतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी दौरे केले आणि आपली दोन मुलेही पलटणीत धाडली. अधिकारी मात्र गोरेच असावेत, असा सरकारचा दंडक होता. पलटणीचा प्रमुख कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ हा बॉस्टनच्या धनिक, गुलामीविरोधी घराण्यातला पंचविशीचा तरुण. 28 मे 1863 रोजी पलटणीने बॉस्टन सोडले.

18 जुलै 1863 च्या संध्याकाळी तिने चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट वॅग्नरवर हल्ला चढवला. हा वाळू-मातीच्या तटांचा किल्ला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. दिवसभराच्या तोफमाऱ्यात किल्ल्यातली शिबंदी भुयारी निवाऱ्यांत सुरक्षित राहिली होती. सर्वांत पुढे असलेल्या 54व्या पलटणीचे सुमारे 600 जण तटाला भिडले. त्यांपैकी 270 च्या आसपास मारले गेले, जखमी झाले किंवा हरवले. शॉ तटावरच पडला आणि दक्षिणेच्या सैनिकांनी त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. सार्जंट विल्यम कार्नीने अनेक जखमा सोसून निशाण माघारी आणले. त्याबद्दलचे मेडल ऑफ ऑनर हाती यायला 1900 साल उजाडले. किल्ला काही पडला नाही. पण कृष्णवर्णीय लढू शकतील का, हा उत्तरेतल्या वृत्तपत्रांतला वाद त्यानंतर फारसा टिकला नाही.

पलटणीची दुसरी लढाई स्वतःच्याच सरकारशी होती, आणि ती पहिलीपेक्षा कमी कठीण नव्हती. भरतीच्या वेळी इतर शिपायांप्रमाणे दरमहा 13 डॉलर कबूल झाले होते. प्रत्यक्षात 10 डॉलर देऊ केले, त्यातूनही कपड्यांचे 3 कापायचे. म्हणजे हाती फक्त 7. पलटणीने पगारच नाकारला. फरक आम्ही भरून देतो, असे मॅसॅच्युसेट्सने म्हटले, तेही तिने घेतले नाही. प्रश्न दर्जाचा होता. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंगने सप्टेंबर 1863 मध्ये थेट लिंकन यांना पत्र लिहून विचारणा केली. इकडे घरी बायकामुलांचे हाल होत होते. उत्तरेच्याच दुसऱ्या एका कृष्णवर्णीय पलटणीतल्या, 3ऱ्या साउथ कॅरोलिनाच्या, सार्जंट विल्यम वॉकरने याच कारणावरून आपल्या शिपायांना शस्त्रे खाली ठेवायला लावली, तर बंडाच्या आरोपाखाली त्याला फेब्रुवारी 1864 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच महिन्यात 54वी पलटण फ्लोरिडात ऑलस्टीच्या पराभवानंतर पिछाडी सांभाळत होती. जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा या बिनपगारी शिपायांनी दोर बांधून ती गाडी हातांनी ओढत नेली. गुडिंग याच लढाईत कैद झाला आणि अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मरण पावला.

जून 1864 मध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला. भरतीपासूनची पूर्ण थकबाकी मात्र 19 एप्रिल 1861 रोजी स्वतंत्र असलेल्यांनाच मिळणार होती. पूर्वी गुलाम असलेल्यांचे काय? शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने तोडगा काढला: त्या तारखेला आपल्या श्रमांवर कोणाचाही हक्क नव्हता, एवढीच शपथ घ्यायची. माणसावर मालकी असूच शकत नाही असे मानणाऱ्याला ती खुशाल घेता येई. 1864 च्या शरद ऋतूत पैसे हाती पडले. पुढे स्टीफन स्वेल्स हा पलटणीतला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी झाला.

ऑगस्ट 1865 मध्ये पलटण बरखास्त झाली. ऑगस्टस सेंट-गॉडन्सने घडवलेल्या तिच्या स्मारकशिल्पाचे बॉस्टनमध्ये 1897 साली अनावरण झाले. त्यावर मृत शिपायांची नावे कोरली गेली ती 1980 च्या दशकात.