निलंबनाच्या काळातील सोबत

१६ एप्रिल १९४० रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी बेसबॉलच्या नव्या हंगामाचा सामना झाला. क्लीव्हलंड संघाचा तरुण गोलंदाज बॉब फेलर याने त्या दिवशी प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास यशस्वी फटका मारू दिला नाही आणि क्लीव्हलंडने तो सामना एकमेव धावेने जिंकला. ती धाव ज्याच्या फटक्यावर मिळाली, तो रॉली हेम्सली हा फेलरची गोलंदाजी झेलणारा खेळाडू, आपल्या क्रिकेटच्या भाषेत यष्टिरक्षक. फेलरचा पराक्रम इतिहासात नोंदला गेला. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हेम्सलीने त्या सुमारास पत्रकारांना दिलेले निवेदन. आपण मद्यासक्त आहोत, गेले वर्षभर आपण मद्यास स्पर्श केलेला नाही आणि हे आपल्या एकट्याच्या बळावर घडलेले नाही, असे त्याने उघडपणे सांगितले.

हेम्सलीचा पूर्वेतिहास सर्वांस ठाऊक होता. दारूपायी त्याने दंड भरले, निलंबने भोगली. एक संघ कंटाळला की दुसऱ्याकडे त्याची रवानगी होई. शिक्षेत कोणी कसूर केली नव्हती, तरी व्यसन जागचे हलले नव्हते. १९३९ साली त्याची गाठ क्लीव्हलंडजवळच्या ॲक्रन गावातील एका लहानशा मंडळाशी पडली. शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ या दोघा मद्यासक्तांनी १९३५ मध्ये तेथे एकमेकांस सावरले होते. त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. जो स्वतः पडून उठला आहे त्याने दुसऱ्यापाशी जाऊन बसावे, हे तिचे साधे सूत्र. दंडाच्या पावत्यांनी जे साधले नव्हते, ते या बैठकीने साधले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आणखी एक घटना घडली. मद्यपी हा रुग्ण नसून दुर्वर्तनी आहे, असे मानून रुग्णालये तेव्हा त्यास दारातूनच परत पाठवीत. रुग्णांच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या धर्मभगिनी सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. स्मिथ यांच्या विनंतीवरून अशा एका माणसास जठरदाहाचा रुग्ण म्हणून दाखल करून घेतले आणि त्याची खाट रुग्णांसाठी आलेली फुले ठेवण्याच्या खोलीत लावली. डॉ. स्मिथ १९५० मध्ये निवर्तले, तोवर या दोघांच्या हातून सुमारे ५,००० मद्यासक्तांवर उपचार झाले. डॉक्टरांनी त्यासाठी मोबदला घेतला नाही. व्यसन हा आजार आहे, हे सिस्टरांनी आधी कृतीने मान्य केले. जगाने ते मान्य करावयास पुढे पुष्कळ वर्षे घेतली.

व्यावसायिक खेळाच्या जगाने तर फारच वेळ घेतला. डॉन न्यूकम यांचे उदाहरण पाहावे. १९५६ मध्ये बेसबॉलमधील सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार प्रथमच देण्यात आला. त्याचे मानकरी न्यूकम होते. परंतु दारूने त्यांची कारकीर्द खाल्ली, आणि १९५५ च्या विजेतेपदाची अंगठीदेखील त्यांना गहाण टाकावी लागली. १९६६ मध्ये संसार मोडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाच्या मस्तकावर हात ठेवून दारू सोडण्याची शपथ घेतली आणि ती पाळली. पुढे त्यांच्या जुन्या डॉजर्स संघाने त्यांस पुन्हा आपल्यात घेतले आणि १९८० मध्ये खेळाडूंच्या व्यसनमुक्तीसाठी त्यांच्याकरवी एक कार्यक्रम सुरू केला.

त्याच वर्षी बॉब वेल्च हा तेवीस वर्षांचा गोलंदाज त्या वाटेने गेला. संघाने त्याच्या निलंबनाची वाट पाहिली नाही, तर त्यास ॲरिझोना राज्यातील उपचारकेंद्रात धाडले. परतल्यावर वेल्चने आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९९० मध्ये त्याने एका हंगामात २७ सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळवला.

येथेच लेखणी थांबविली असती तर कथा गोड झाली असती. परंतु त्याच १९८० साली, त्याच डॉजर्स संघातून, वर्षातील सर्वोत्तम नवोदित म्हणून गौरविला गेलेला स्टीव्ह हाऊ नावाचा गोलंदाज होता. कोकेनने त्यास ग्रासले. उपचार झाले, पुन्हा घसरण झाली. १९८४ चा संपूर्ण हंगाम त्यास निलंबनामुळे मुकावा लागला. कारकीर्दीत तो एकंदर सात वेळा निलंबित झाला. सात हा आकडा वाचताच आमच्या वाचकांस, क्षमा किती वेळा करावी, हा पेत्राचा प्रश्न आठवल्यावाचून राहणार नाही.

१९९२ मध्ये आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी हाऊवर आजन्म बंदी घातली. ती लवादापुढे गेली आणि उठली. लवादाने हाऊस निर्दोष म्हटले नाही. परंतु त्यास पुन्हा खेळू देताना दर दिवसाआड वर्षभर त्याची तपासणी व्हावी, असा वैद्यकीय सल्ला देण्यात आला होता आणि बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी तो अंमलात आणला नव्हता, यावर लवादाने बोट ठेवले. शिक्षा देणारा हात तत्पर होता, सांभाळणारा हात मात्र शिथिल होता. हाऊ पुन्हा खेळला, १९९६ पर्यंत. २००६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात मोटार उलटून त्याचा अंत झाला. तपासणीत त्याच्या शरीरात मादक द्रव्य आढळले. सोबत केली म्हणजे प्रत्येक जण वाचतोच, असे आम्ही म्हणू शकत नाही. ज्यांच्या घरी असा मुलगा आहे, त्यांना हे सांगावयास नकोच.

निलंबनाचा खरा धोका आमच्या मते याच ठिकाणी आहे. खेळाडूस लहानपणापासून मैदानाने शिस्त दिलेली असते. उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, सोबती, प्रशिक्षकाची हाक, सारे काही तेथलेच. निलंबनाच्या दिवशी हे सारे एकाच वेळी हिरावले जाते. त्याच्या हाती उरतात मोकळा वेळ, लाज आणि पूर्वी मिळविलेला पैसा. व्यसनास याहून सुपीक जमीन कोणती? निलंबन अन्यायाचे असते, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. नियम मोडल्यास शिक्षा हवीच. परंतु त्या रिकाम्या महिन्यांत त्याच्याजवळ कोण असते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

जॉश हॅमिल्टनची हकीकत याची साक्ष देते. १९९९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वप्रथम पुकारलेले नाव त्याचे होते. मादक द्रव्यांमुळे २००४ मध्ये तो निलंबित झाला आणि दोन वर्षांहून अधिक काळ खेळापासून दूर राहिला. २००५ च्या शरद ऋतूत तो खंगलेल्या अवस्थेत आजीच्या दारी आला. आजीने त्यास खोली दिली, जेवू घातले आणि एके दिवशी घरातच त्यास व्यसन करताना पाहून खडे बोल सुनावले. त्या दिवसापासून तो उठू लागला. पुढे फ्लोरिडातील एका लहान क्रीडा प्रशिक्षणकेंद्राने त्यास ठेवून घेतले. तेथे तो शौचालये साफ करी आणि त्या बदल्यात सराव करी. २००७ मध्ये तो वरिष्ठ पातळीवर खेळू लागला, तेव्हा जॉनी नॅरन हे प्रशिक्षक प्रवासात त्याच्या सोबतीस असत आणि त्याचे दैनिक खर्चाचे पैसे आपल्यापाशी ठेवीत. २०१० मध्ये टेक्सास रेंजर्स संघाने मोठा विजय मिळविला, तेव्हा रिवाजाप्रमाणे मद्याचे फवारे उडावयाचे होते. सहकाऱ्यांनी आधी हॅमिल्टनला मध्ये घेऊन आल्याच्या सोड्याने न्हाऊ घातले. त्या वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. नंतरही त्याचा तोल गेला, हे नमूद केलेच पाहिजे. २०१५ मध्ये तर त्याने आपली घसरण स्वतःहून अधिकाऱ्यांस कळविली.

नियमही हळूहळू बदलले. जुलै २०१९ मध्ये टायलर स्कॅग्ज हा तरुण गोलंदाज मादक वेदनाशामकांमुळे मृत्यू पावल्यावर, त्या डिसेंबरात बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी आणि खेळाडूंच्या संघटनेने एक करार केला. अफूजन्य द्रव्ये वा कोकेन तपासणीत आढळल्यास खेळाडूस प्रथम उपचारमंडळाकडे पाठवावे आणि उपचारास जो सहकार्य करणार नाही त्यालाच शिक्षा व्हावी, असे त्यात ठरले. सिस्टर इग्नेशियांनी फुलांच्या खोलीत खाट लावली, त्यास तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती.

ॲक्रनहून निघालेली ती बारा पायऱ्यांची वाट आपल्या दारापर्यंतही आली आहे. १९८१ मध्ये वांद्रे येथे फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन स्थापिले, तेव्हा तिला योगसाधनेची जोड दिली. आमच्या धर्मग्रामांतून व्यावसायिक खेळाडू थोडे, परंतु गावच्या संघातून दारूपायी नाव कमी झालेला मुलगा कोणत्या गावात नाही? त्याचे नाव कमी करणे हे समितीचे काम आहे, ते तिने करावे. परंतु त्यानंतरच्या रविवारी त्याच्या घरी कोण जातो, आणि लग्नाच्या मांडवात वा सणाच्या पंगतीत त्याच्यापुढे आपण कोणता पेला ठेवतो, हे समितीचे काम नव्हे. ते आपणा सर्वांचे आहे.