पवित्र पाणी आणि दोन परिपत्रके

दोन सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. दोन्ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे, दोन्ही 2020 सालचे. पहिला 15 मार्चचा. कोविडने दगावलेल्या माणसाच्या पार्थिवाचे काय करायचे, हा त्याचा विषय. धर्मग्रंथाचे वाचन, पवित्र पाणी शिंपडणे आणि देहाला हात लावावा लागत नाही असे इतर विधी करायला हरकत नाही, असे त्यात म्हटले आहे. आंघोळ घालणे, मुका घेणे, मिठी मारणे यांना मनाई आहे. दुसरा कागद 4 जूनचा, धार्मिक स्थळे उघडताना पाळायच्या नियमांचा. त्यात प्रसाद वाटायला बंदी आहे, आणि पवित्र पाणी शिंपडायलाही.

मार्चमध्ये चालले ते पाणी जूनमध्ये का चालेना? दोन्ही कागद पुरते वाचले की उलगडा होतो. पहिल्यात समोर एक निश्चल देह आहे आणि मोजके नातलग. तिथली भीती स्पर्शाची. दुसऱ्यात रांग आहे: दारात तापमान मोजायचे, माणसामाणसांत सहा फूट ठेवायचे, मूर्तीला आणि ग्रंथाला हात लावायचा नाही, बसायची सतरंजी ज्याने त्याने घरून आणायची. पासष्टीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुले यांनी घरीच थांबावे. तिथली भीती एकाच गोष्टीभोवती अनेकांनी जमण्याची. उपासना करावी की करू नये, या वादात हे कागद शिरत नाहीत. ते उपासनेचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा निकाल देतात. महामारीत ख्रिस्ती समाजाने स्वतःला कसे सांभाळले हे समजून घ्यायचे, तर या तुकड्यांकडेच बघावे लागते.

कॅथलिक माणसाला रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ऐच्छिक नसते. चर्चच्या कायद्याने ती बंधनकारक आहे. म्हणून चर्चला नुसते कुलूप लावून भागत नाही. ज्याला जाता येत नाही त्याच्या मनावरचे ओझेही उतरवावे लागते. तो अधिकार बिशपांना असतो आणि मार्च 2020 मध्ये मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी तो वापरला. घरी थांबणे हे पाप नाही, असे धर्माच्याच अधिकाराने सांगितले गेले. माझ्या मते त्या वर्षीचे आरोग्यरक्षणाचे सर्वांत परिणामकारक पाऊल हेच होते. पोलिसाच्या भीतीने घरी बसलेला माणूस संधी मिळताच बाहेर पडतो; मोकळ्या मनाने बसलेला टिकून राहतो.

पुढे ईस्टर आला. त्या वर्षी गुड फ्रायडे 10 एप्रिलला आणि ईस्टर 12 एप्रिलला होता, म्हणजे दोन्ही देशव्यापी टाळेबंदीत. रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 25 मार्चला काढलेला हुकूमनामा पवित्र आठवड्याचे विधी एकेक करून तपासतो. गुरुवारचे पाय धुणे गाळायचे. त्या रात्रीची मिरवणूक गाळायची. शुक्रवारी क्रूसाचे चुंबन फक्त धर्मगुरूंनी घ्यायचे. त्याच दिवशीच्या प्रार्थनेत मात्र आजारी, संकटात सापडलेले आणि मृत यांच्यासाठी एक खास विनवणी घालायची. दोन गोष्टी काढल्या, एक मर्यादित केली आणि एक वाढवली. भाविक घरात, धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये आणि मधे मोबाइलचा पडदा, अशा रीतीने तो आठवडा पार पडला. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, जिभेवरही नाही आणि हातावरही नाही. ते मनोमन घ्यायचे. ही रीत नवी नव्हती. तुरुंगात, प्रवासात, आजारपणात अडकलेल्यांसाठी ती परंपरेत होतीच.

एका बाबतीत भारतातल्या चर्चला काहीच बदलावे लागले नाही. पाश्चात्त्य देशांत मिस्सेतल्या शांतीच्या खुणेसाठी शेजाऱ्याशी हस्तांदोलन होते, आणि 2020 च्या आरंभी ते थांबवण्याच्या सूचना देशोदेशी निघाल्या. आपल्याकडे ही खूण हात जोडून द्यावी, अशी तरतूद भारतीय बिशपांच्या बारा सूत्रांत होती आणि रोमने त्या सूत्रांना 25 एप्रिल 1969 रोजीच संमती दिली होती. तेव्हा तो प्रश्न भारतीय संस्कृतीशी जुळवून घेण्याचा होता. पन्नास वर्षांनी तोच नमस्कार आरोग्याच्या कामी आला.

गाण्याचे तसे नव्हते. 4 जूनच्या नियमांत समूहगायनाला मनाई आहे, ध्वनिमुद्रित गीते लावायला परवानगी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी गायकवृंदात असते, त्यांना हे कलम सर्वांत जड गेले असणार. पण त्यामागे ठोस अनुभव होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट व्हर्नन गावातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये 10 मार्च 2020 रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली. 61 जण हजर होते. त्यांतल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याचे धरले गेले, दोघे दगावले. खोकणारा माणूस दिसला तर आपण दूर सरतो, पण मोठ्याने गाणाऱ्याच्या श्वासातूनही विषाणू पसरतो हे या एका संध्याकाळने जगाला शिकवले.

केंद्राने 8 जूनपासून वाट मोकळी केली, तरी महाराष्ट्राची दारे 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या झरी विनायक मंदिराला आणि मुंबईत वांद्र्याच्या माऊंट मेरी चर्चला लागू असलेला आदेश एकच होता. सप्टेंबरमधली माऊंट मेरीची जत्रा तोवर भरल्याविनाच सरली होती. नाताळासाठी गृह विभागाने वेगळे परिपत्रक काढले: चर्चमध्ये 50 पेक्षा जास्त माणसे नकोत, गायक दहापर्यंत. महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरापासून संचारबंदी असल्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होणे शक्यच नव्हते. पुढचा राखेचा बुधवार 17 फेब्रुवारी 2021 चा. त्यासाठी रोमने सांगितले की धर्मगुरूंनी मंत्र सर्वांसाठी एकदाच म्हणावा, हात स्वच्छ करावेत, मुखपट्टी लावावी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काही न बोलता राख टाकावी. एप्रिल 2021 मध्ये राज्याने दारे पुन्हा मिटली. ती उघडली 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी.

राज्याच्या या आदेशांच्या मुळाशी जे कायदे होते, त्यांतला एक 1897 चा. 4 फेब्रुवारी 1897 रोजी संमत झालेला साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठीच केलेला. मुंबईतला पहिला प्लेग ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे कॅथलिक होते. वांद्रे, गिरगाव, माझगावच्या गावठाणांत त्या काळात उभारलेले क्रूस आजही आहेत. लोक त्यांच्यापाशी उघड्यावर प्रार्थनेला जमत. म्हणून त्यांना आजच्या अर्थाने आरोग्याची उपाययोजना ठरवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ते नवसाचे आणि आसऱ्याचे क्रूस होते.

त्याच वर्षी त्याच कायद्याखाली पुण्यात काय घडले, ते पंडिता रमाबाईंच्या पत्रातून कळते. मे 1897 मध्ये ते ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापून आले. त्यांच्या आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या रुग्णालयात नेली गेली आणि परत आली नाही. ती तिथल्या एका रखवालदाराच्या तावडीत सापडली, असा त्यांचा आरोप होता. स्त्रियांना पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला भाग पाडले जाते, हीही त्यांची तक्रार होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पत्र दिशाभूल करणारे ठरवून बाजूला सारले. पण विलगीकरणालाच रमाबाईंचा विरोध होता, असे म्हणता येणार नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींना पुण्याच्या दाटीत ठेवता येईना, तेव्हा त्यांनी त्यांना केडगावच्या शेतावर, मोकळ्या हवेत नेले. पहिला निवारा तात्पुरत्या झोपड्यांचाच होता. वेगळे ठेवणे त्यांना मान्य होते. नेलेल्या माणसाचा जाब देणारे कोणी नसावे, हे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते.

2020 मध्ये हा जाब मागायची वेळ मृतांच्या बाबतीत आली. मुंबई महापालिकेने 30 मार्चला परिपत्रक काढले की कोविडचा मृतदेह कोणत्याही धर्माचा असो, त्याचे दहनच करावे. कॅथलिक चर्च दहनाला मनाई करत नाही, पण दफनाचा आग्रह धरते. मुसलमान समाजात तर दहनाचा विचारच नाही. त्याच दिवशी परिपत्रक बदलले आणि पुरेशी जागा असलेल्या दफनभूमींना मोकळीक मिळाली. 9 एप्रिलच्या यादीत अशा 20 दफनभूमी होत्या. वांद्र्याच्या काही रहिवाशांनी तिथल्या कबरस्तानांतले दफन थांबवावे म्हणून उच्च न्यायालय गाठले. मृतदेहापासून आसपासच्या वस्तीला संसर्ग होतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाच्या आधारे न्यायालयाने मान्य केले आणि 22 मे 2020 रोजी याचिका फेटाळल्या. सन्मानाने दफन होणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या प्रतिष्ठेच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालात नोंदवले आहे. खटला मुसलमानांच्या कबरस्तानांवरून उभा राहिला होता, पण त्याचे संरक्षण मुंबईतल्या ख्रिस्ती दफनभूमींनाही तितकेच मिळाले.